दाढेतली चांदी काढायची, पण कुणाकडून?

आलेलं पत्र, थोडं आखडून:

"नमस्कार डॉक्टर. मी ३४ वर्षांची, रत्नागिरीत राहते, शाळेत शिकवते. शाळा-कॉलेजच्या काळात माझ्या पाच दाढांत चांदी भरली होती. गेलं वर्षभर सारखा थकवा असतो, केस गळतात, मुलांची नावं आठवत नाहीत. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि या सगळ्याचं मूळ चांदीतला पारा असावा असं वाटायला लागलं. पुण्यातल्या एका दवाखान्यात गेले. त्यांनी पाचही दाढांतली चांदी एका दिवसात काढू, पांढरं भरू आणि नंतर अंगातला पारा काढायला सलाइनचा कोर्स देऊ, असं पॅकेज सांगितलं. इथले आमचे नेहमीचे डॉक्टर 'काही गरज नाही' एवढंच म्हणाले. सासूबाई म्हणतात, दुखत नाही ते उकरायचं कशाला? वरच्या डाव्या दाढेतल्या चांदीचा एक टवका मात्र मागच्या महिन्यात उडाला, तिथे अन्न अडकतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार आहे. मुलगा सहा वर्षांचा, त्याच्याही दुधाच्या दाढेला कीड आहे. चांदी सुरक्षितपणे काढणारा डेंटिस्ट ओळखायचा कसा?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात पाच दाढा आहेत, पण आज काम एकाच दाढेचं दिसतंय. टवका उडालेल्या त्या वरच्या डाव्या दाढेला हात लावावाच लागेल. आत अन्न अडकतं म्हणजे फट पडली आहे आणि फटीखाली नवी कीड सुरू व्हायला वेळ लागत नाही. बाकीच्या चार दाढांतली चांदी घट्ट बसलेली असेल, कडेने काळी फट नसेल, एक्स-रेमध्ये खाली कीड दिसत नसेल, तर ती आहे तिथे राहू द्या. सासूबाईंचं म्हणणं चार दाढांपुरतं खरं आहे, पाचवीपुरतं नाही.

तरी तुमची भीती मी उडवून लावणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात विषय संपवला, ते मला बरं वाटलं नाही. दातात पारा आहे हे ऐकल्यावर कुणीही दचकेल, आणि दचकलेल्या माणसाला दहा मिनिटं देणं हा उपचाराचाच भाग आहे.

आपण जिला चांदी म्हणतो ती नुसती चांदी नसते. चांदी, कथील आणि तांबं यांची पूड पाऱ्यात घोटून तो लगदा दाढेत दाबून भरतात, आणि तयार भरणाचं निम्म्याच्या आसपास वजन पाऱ्याचंच असतं. मी कॉलेजात असताना हे घोटणं खलात चालायचं. मग तो लगदा फडक्यात घेऊन पिळायचा आणि जास्तीचा पारा बोटांवरून खाली पडायचा. हातमोजे नव्हते. रडणाऱ्या मुलाच्या तळहातावर पाऱ्याचा थेंब ठेवून त्याला गप्प करणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. त्या मुलाला किती मौज वाटायची! आज आठवलं की अंगावर काटा येतो. पारा साध्या खोलीच्या तापमानाला उडतो, त्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून रक्तात उतरतो. गिळलेल्या धातुरूप पाऱ्यातला मात्र अगदी नगण्य भाग अंगात शोषला जातो. म्हणून जपायचं ते वाफेपासून.

घट्ट झालेल्या चांदीतला पारा बांधलेला असतो. चावताना, दात खाताना, गरम चहा पिताना त्यातून अगदी थोडी वाफ सुटते. ती सुटतच नाही असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. पण तेवढ्या वाफेने माणूस आजारी पडतो का? त्यासाठी मुलांवर दोन मोठे अभ्यास झाले, एक अमेरिकेत न्यू इंग्लंडमध्ये ५३४ मुलांवर, दुसरा पोर्तुगालमध्ये लिस्बनला ५०७ मुलांवर. काही मुलांना चांदी भरली, काहींना पांढरं, आणि मग वर्षानुवर्षं त्यांची बुद्धी, स्मरण, मज्जासंस्था तपासली. २००६ मध्ये दोन्हींचे निष्कर्ष आले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त होता, पण बुद्धीत, स्मरणात फरक आढळला नाही.

चांदीच्या आयुष्यात सर्वांत जास्त पारा सुटतो तो ती भरताना आणि ड्रिलने उकरून काढताना. ड्रिलखाली ती तापते, तिची बारीक धूळ उडते, आणि एरवी वर्षानुवर्षं थोडी थोडी सुटणारी वाफ काही मिनिटांत तुमच्या नाकासमोर येते. हे काम झाल्यावर रक्तातला पारा काही काळ वाढतो आणि मग उतरतो. त्यामुळेच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सल्ला देताना दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, बाळाचा विचार करणाऱ्या बायका, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण, पाऱ्याची ॲलर्जी असलेले, यांना शक्यतो नवी चांदी भरू नये. आणि चांगल्या अवस्थेतली जुनी चांदी वैद्यकीय कारणाशिवाय काढूही नये. व्हिडिओवाले पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गाळतात.

आता तुमचा थकवा. 'दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला' अशी आपली म्हण आहे, आणि पुण्याच्या त्या पॅकेजबद्दल वाचताना मला तीच आठवली. जर्मनीत ९० रुग्णांवर एक अभ्यास झाला होता. सगळ्यांची तक्रार तुमच्यासारखीच होती: आपल्या त्रासाचं मूळ दातातली चांदी आहे. एका गटाची चांदी काढली. दुसऱ्या गटाची काढून वर 'शुद्धीकरणा'चे उपचार दिले. तिसऱ्या गटाची चांदी तशीच ठेवली आणि झोप, आहार, ताण यांकडे लक्ष द्यायला शिकवलं. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तिन्ही गटांना बरं वाटत होतं, आणि सुधारणेत त्यांच्यात ठळक फरक नव्हता. त्या लोकांचा त्रास खोटा होता असा याचा अर्थ नाही. त्रास खराच होता, बोट चुकीच्या जागेवर होतं, इतकंच.

तुमचं बोटही चुकीच्या जागी नसेल कशावरून? ३४ वर्षांची बाई, नोकरी, घर, सहा वर्षांचं मूल, थकवा, केस गळणं, विसरणं. आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. आपल्याकडच्या बायकांमध्ये यातलं काही ना काही कमी निघणं फार नेहमीचं आहे, आणि त्यावरचा उपचार दाढ कोरण्यापेक्षा कितीतरी सोपा आहे. दुसऱ्या बाळाच्या आधी हे तपासून घ्यायलाच हवं, दातांचं काहीही ठरो.

पारा मोजायचाच असेल तर साधी लघवीची तपासणी करा, तीही कुठलंही औषध न घेता. चांदीतून अंगात गेलेला पारा लघवीत दिसतो. रक्तातला आणि केसांतला पारा मुख्यतः माशांतून आलेला असतो. तुम्ही रत्नागिरीच्या, ताटात मासळी असणार. केसांचा अहवाल पाहून कुणी चांदी काढायला सांगितली तर तो दोष चांदीचा आहे की मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, कालवणाचा हे त्या अहवालावरून ठरत नाही. (बाळाचा विचार आहे तोवर मोरी ताटातून काढाच. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो. तारली, मांदेली खुशाल खा.) काही ठिकाणी आधी पारा ओढणारी गोळी किंवा सलाइन देतात आणि मग लघवी तपासतात. अशा तपासणीत कुणाचाही आकडा वाढलेलाच येणार, कारण औषधच धातू बाहेर ओढतं. मग तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या प्रमाणाशी ताडून तुम्हाला घाबरवलं जातं. अमेरिकेतल्या विषवैद्यांच्या संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट म्हटलं आहे.

त्या सलाइनच्या कोर्सला तर ठाम नाही म्हणा. धातू ओढणारी ही औषधं खऱ्या विषबाधेत जीव वाचवतात, पण निरोगी माणसाला ती खेळ म्हणून द्यायची नसतात. शरीराला हवी असलेली खनिजंही ती ओढून नेतात. अशाच एका औषधाने रक्तातलं कॅल्शियम झपकन उतरून रुग्ण दगावल्याची नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००६ मध्ये केली, आणि त्यात लहान मुलंही होती.

आता तुमचा खरा प्रश्न: त्या एका दाढेसाठी डेंटिस्ट कसा निवडायचा?

फोन करा आणि एकच विचारा, "तुम्ही चांदी काढताना रबर डॅम लावता का?" रबर डॅम म्हणजे रबराचा पातळ, हातरुमालाएवढा चौकोनी पडदा. त्याला भोक पाडून त्यातून फक्त ती दाढ बाहेर काढतात, बाकीचं तोंड, जीभ, घसा पडद्यामागे राहतं. १८६४ मध्ये न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी तो आणला, म्हणजे ही काही महागडी नवी टूम नाही. चांदीचे तुकडे घशात जाण्यापासून तो अडवतो आणि धूळ जिभेवर, गालावर बसू देत नाही.

हाच प्रश्न मी का निवडला? कारण त्यात दोन उत्तरं मिळतात. चांदी काढून तिथे पांढरं भरायचं, म्हणजे बहुधा कंपोझिट. ते दाढेला चिकटवावं लागतं, आणि चिकटवताना लाळेचा एक थेंब लागला तरी जोड कच्चा राहतो. चांदी ओल थोडीफार सोसते, कंपोझिट सोसत नाही. म्हणून जो डॉक्टर रबर डॅम लावत नाही, त्याच्या हातून चांदी काढणंही कच्चं होण्याची भीती आणि नवं भरणंही. मागच्या दाढेत कापसाच्या गुंडाळ्या ठेवून भरलेलं कंपोझिट दोन-तीन वर्षांत कडेने काळं पडून परत आलेलं मी शेकड्यांनी पाहिलं आहे. दर वेळी जुनं काढताना दाढेचा थोडा चांगला भागही जातो. पोकळी मोठी होते, मग रूट कॅनल, मग कॅप. आधी बिनतक्रार असलेली दाढ अशी पायरीपायरीने संपते.

मीही पहिली कित्येक वर्षं रबर डॅमशिवाय चांदी काढली. कापूस ठेवायचा, ड्रिल चालवायचं, 'थुंका' म्हणायचं. रुग्ण काळं पाणी थुंकायचे आणि कुठल्या तरी तुकड्यासकट थोडं गिळायचे. आम्हाला तसंच शिकवलं होतं, हे कारण झालं, समर्थन नव्हे. ज्या दिवशी मी पहिल्यांदा डॅम लावून काम केलं आणि पडद्यावर पडलेली ती करडी धूळ पाहिली, त्या दिवशी कळलं की इतकी वर्षं ही धूळ कुठे जात होती.

फोनवर "हो, लागला तर लावतो" असं मोघम उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा. "नेहमी लावतो, तुम्हाला रबराची ॲलर्जी आहे का?" असा उलट प्रश्न आला तर त्या दवाखान्याची पायरी चढा. तो उलट प्रश्न योग्यच आहे. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी लॅटेक्स नसलेला पडदाही मिळतो.

खुर्चीत बसल्यावर काय पाहायचं? शेजारी मदतनीस हवा. डॉक्टर एकट्याने एका हातात ड्रिल आणि दुसऱ्यात आरसा धरून हे काम नीट करू शकत नाहीत, कारण मोठ्या ताकदीचं सक्शन सतत दाढेला खेटून धरायला तिसरा हात लागतो. ओठाला टांगून ठेवतात ती लाळ ओढणारी बारीक नळी पुरत नाही, जाड तोंडाची नळी हवी. ड्रिलवर पाण्याचा भरपूर फवारा हवा. चांदी थंड राहिली की वाफ कमी सुटते. ड्रिलचं टोक, म्हणजे बर, नवं आणि धारदार हवं. बोथट टोक घासतं, तापवतं आणि पूड करतं.

पूड होऊ द्यायची नसते, हे यातलं खरं कसब. जाणता डॉक्टर चांदी वरून खाली दळत बसत नाही. कडेने आणि मधून एक-दोन चिरा पाडतो आणि उपटणीने ढेकूळ सुटं करून उचलतो. दगडी भिंत पाडणारा गवंडी सांधा शोधतो, प्रत्येक दगड फोडत बसत नाही, तसंच. नीट केलं तर ड्रिल प्रत्यक्ष चालतं ते एखाद-दोन मिनिटंच. तुम्ही आधी विचारू शकता, "चांदी तुकड्यांत काढता की पूर्ण ड्रिलने?" खरा कारागीर या प्रश्नावर चिडत नाही, उलट खुलतो आणि दाखवून सांगतो.

तुमच्या डोळ्यांवर चष्मा, गळ्याखाली झाकण, खोलीत हवा खेळती. नुसता एसी लावून बंद केलेली खोली या कामाला वाईट. साधी खिडकी उघडी असली, बाहेर हवा फेकणारा पंखा असला तरी फरक पडतो. डॉक्टर आणि मदतनीस स्वतःची काळजी घेतात का तेही पाहा. तुमच्या आयुष्यात ही वेळ एकदा-दोनदा येणार, त्यांच्या आयुष्यात ती रोजची आहे. जो स्वतःच्या मदतनीस मुलीला साधा मास्क देत नाही, तो तुमची काळजी घेईल असं मला वाटत नाही. काम झाल्यावर पडदा काढण्याआधी तोंड आणि पडदा भरपूर पाण्याने धुऊन ओढून घ्यायचं, मग हातमोजे बदलायचे, मग नवं भरायला घ्यायचं.

काही दवाखान्यांत याहून पुढची तयारी असते: नाकावर ऑक्सिजन, तोंडासमोर वाफ ओढणारा मोठा पाइप, आधी-नंतर कोळशाच्या पाण्याने गुळण्या. आय.ए.ओ.एम.टी. नावाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या 'स्मार्ट' नावाच्या पद्धतीत हे सगळं येतं आणि ती डॉक्टरांना त्याचं प्रमाणपत्रही देते. त्यातला डॅम, पाणी, सक्शन, तुकड्यांत काढणं हा भाग अगदी शहाणपणाचा आहे. नाकाला स्वतंत्र हवा मिळाली तर तीही चांगलीच. कोळशाच्या गुळण्यांचा फायदा मला पटण्यासारखा सिद्ध झालेला नाही. ते प्रमाणपत्र खासगी संस्थेचं आहे, परवाना नव्हे. ते नसलेला डॉक्टर वरचं सगळं काटेकोर करत असेल तर तो तुम्हाला पुरेसा आहे. आणि प्रमाणपत्र भिंतीवर असूनही तो पाच दाढा एका दिवसात कोरायला निघाला असेल, तर ती भिंत कितीही सजलेली असो, तुम्ही उठा.

'बायॉलॉजिकल डेंटिस्ट', 'होलिस्टिक डेंटिस्ट' अशा पाट्या आता दिसतात. आपल्याकडे मान्यता असलेल्या दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शाखांमध्ये या नावाची शाखा नाही. भरणाच्या कामातला तज्ज्ञ हवा असेल तर बीडीएसनंतर 'कॉन्झर्वेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एन्डोडॉन्टिक्स' या विषयात एमडीएस केलेला शोधा. पण एमडीएसच हवा असं मुळीच नाही. काळजीने डॅम लावणारा बीडीएस डॉक्टर मी घाईतल्या तज्ज्ञापेक्षा केव्हाही पसंत करेन. राज्य दंत परिषदेकडची नोंदणी मात्र हवीच, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका.

पैशाची अडचण असेल, किंवा दुसरं मत हवं असेल, तर सरकारी आणि पालिकेच्या दंत महाविद्यालयांचे विभाग विसरू नका. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, तळकोकणातल्या लोकांना बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. वेळ जातो, रांग असते. पण तिथे तुमची दाढ उकरण्यात कुणाचा फायदा अडकलेला नसतो, आणि शिकणाऱ्या डॉक्टरांच्या पाठीशी शिक्षक उभे असतात.

आणखी एक प्रश्न विचारा, जो रुग्ण कधीच विचारत नाहीत: "काढलेल्या चांदीचं पुढे काय करता?" ती घट्ट झाकणाच्या बाटलीत वेगळी ठेवायला हवी. जाळायच्या कचऱ्यात गेली तर भट्टीत पारा वाफ होऊन हवेत जातो. बेसिनमधून गेली तर गटारात, गटारातून खाडीत. तिथल्या चिखलातले जिवाणू पाऱ्याचं मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो माशांत चढतो. जपानमध्ये मिनामाता गावाला १९५६ मध्ये ज्याने हात-पाय वाकडे करून टाकले, तो हा मिथिल-पारा. तिथे तो एका कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता आणि प्रमाण भयंकर होतं, दवाखान्याच्या बेसिनशी त्याची बरोबरी नाही. पण युरोपीय संघाने २०१९ पासून दवाखान्यांच्या नळीत चांदी गाळून घेणारं यंत्र सक्तीचं केलं, ते याचसाठी. समुद्राकाठच्या माणसाने तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जो डॉक्टर कपाटातली बाटली काढून दाखवतो, तो पाऱ्याकडे गांभीर्याने पाहतो. तुमच्याकडेही तसाच पाहील.

त्या गावाचंच नाव घेऊन झालेला, पाऱ्याचा वापर कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत २०३४ पर्यंत दातांची चांदी वापरातून घालवायचं ठरलं. युरोपीय संघात तर १ जानेवारी २०२५ पासून ती अपवाद सोडता बंदच झाली. "बघा, बंदी आली, आता काढून टाका," असं कुणी म्हणेल. हे निर्णय नवी चांदी भरण्याबद्दल आहेत, आणि त्यामागचं मोठं कारण पाणी आणि हवा हे आहे. तोंडातली जुनी घट्ट चांदी उकरा असं त्यात कुठेही नाही.

पाचपैकी आणखी एखादी काढावी लागेल का? कारणं मोजकी असतात. खाली नवी कीड, भरण फुटणं किंवा हलणं, दाढेला तडा, किंवा गालाचा आतला भाग चांदीला टेकतो नेमका तिथेच पांढरट जाळीसारखा चट्टा उठणं. तो चट्टा चांदीची प्रतिक्रिया असू शकतो आणि तेव्हा ती काढणं खरंच गरजेचं असतं. यातलं एखादं कारण डॉक्टरांनी सांगितलं तर एक्स-रेवर किंवा आरशात तुम्हाला दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर थांबा. आणि एकाहून जास्त काढाव्या लागल्याच तर एका बैठकीत एक, फार तर एकाच बाजूच्या दोन. मध्ये काही आठवडे जाऊ द्या.

नव्या भरणाबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. पांढरं दिसायला सुरेख असलं तरी टिकण्यात ते चांदीची बरोबरी करत नाही. न्यू इंग्लंड आणि लिस्बनच्या त्याच दोन अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा मागच्या दाढांत कंपोझिट निकामी होण्याचं प्रमाण चांदीच्या जवळपास दुप्पट निघालं. म्हणून चांगली चांदी काढून पांढरं भरणं हा सौदा नेहमी फायद्याचा नसतो. तुमची फुटलेली दाढ तपासल्यावर भिंती पातळ निघाल्या तर थेट भरण्याऐवजी माप घेऊन बाहेर तयार केलेलं ऑनले किंवा कॅप सुचवली जाईल. तो सल्ला बहुधा योग्यच असेल. खर्च मात्र लेखी मागा.

वेळेचं गणित. ही दाढ बाळाचा विचार सुरू करण्यापूर्वी करून घ्या. अंगात गेलेला पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून मी माझ्या रुग्णांना काम झाल्यावर दोन-तीन महिने थांबायला सांगायचे. हा कुठला नियम नाही, माझा सावधपणा आहे. आधीच दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर घट्ट चांदीला हात लावायचा नाही. आणि गरोदरपणात दाढ दुखायलाच लागली तर मात्र घाबरून दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरांना दिवस गेल्याचं सांगा, ते त्या बेताने काम करतील. तोंडातला पू बाळाला जास्त वाईट. दाढांतल्या त्या चार चांद्या पोटातल्या बाळाचं नुकसान करतील या धसक्याने मात्र झोप घालवू नका.

राहिला तुमचा मुलगा. त्याच्या दुधाच्या दाढेत चांदी भरू देऊ नका. मिनामाता कराराच्या देशांनी २०२२ मध्येच दुधाच्या दातांत आणि १५ वर्षांखालच्या मुलांत ती टाळायचं ठरवलं, डॉक्टरांना रुग्णासाठी ती गरजेची वाटेल तेव्हाचा अपवाद ठेवून. कीड लहान असेल तर ग्लास आयोनोमर सिमेंट पुरतं, दोन बाजूंनी पसरली असेल तर त्या दाढेवर तयार मिळणारी स्टीलची टोपी बसवतात. ती दिसते चमकदार, पण दाढ पडेपर्यंत टिकते. आणि त्याला घेऊन जाल तेव्हा दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून नुकतं डोकं वर काढणारी दाढ आहे का तेही बघायला सांगा. साधारण सहाव्या वर्षी येणारी ती पहिली कायमची दाढ. अनेक आया तिला दुधाचीच समजतात आणि ती वर्षभरात किडते. तिच्या खाचा खोल असतील तर सीलंटचा थर लावून त्या बुजवता येतात. सुई नाही, ड्रिल नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम.